अर्धवट गेम, पुरती किंमत

लासलगाव, पिंपळगाव किंवा नाशिकच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव झाला की ट्रॉली खळ्यावर रिकामी होते. वर दिसलेल्या आणि खाली निघालेल्या मालात फरक पडला, तर व्यापारी वांधा काढतो. त्यात अनेकदा शेतकरीच भरडला जातो, हे खरे. पण दाखवला तसाच माल मिळाला पाहिजे, हे तत्त्व बाजाराने मान्य केलेले आहे. पाच हजार रुपयांच्या घरात किंमत गेलेल्या व्हिडिओ गेमच्या बाजारात मात्र खरेदीदाराला वांधा काढायला जागाच नाही. गेम मध्येच बंद पडतो, खेळून मिळवलेली प्रगती पुसली जाते आणि कंपनी सांगते, ‘पुढच्या अपडेटची वाट पाहा.’

हा प्रकार छोट्या कंपन्यांपुरता नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा ‘सायबरपंक 2077’ 10 डिसेंबर 2020 रोजी बाजारात आला, तेव्हा जुन्या कन्सोलवर तो धड चालतही नव्हता. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. आपल्याकडे पबजीवरील बंदीनंतर लगेच, सप्टेंबर 2020 मध्ये, ‘फौजी’ या देशी गेमची घोषणा झाली. 26 जानेवारी 2021 रोजी तो आला, तेव्हा अनेक खेळाडूंचा सामना त्यात नव्हताच. प्ले स्टोअरवरील त्याचे गुणांकन काही दिवसांतच घसरले. पुण्याच्या सुपरगेमिंगच्या ‘इंडस’साठी एक कोटीहून अधिक पूर्वनोंदणी झाली होती. ऑक्टोबर 2024 मध्ये तो आल्यावर खेळाडूंनी उत्साहाबरोबर तक्रारीही नोंदवल्या. देशी गेमबद्दल आम्हाला आपुलकी आहे, म्हणूनच देशाभिमान हे अपुऱ्या कामाचे पांघरूण होऊ नये असे वाटते.

गेम सीडीवर किंवा कार्ट्रिजवर विकला जाई, तेव्हा चूक सुधारण्याची संधी क्वचितच मिळे. म्हणून चाचणी आधी होत असे. इंटरनेटमुळे नंतरची दुरुस्ती शक्य झाली आणि चाचणीचे ओझे ग्राहकावर आले. दोष रात्रंदिवस राबणाऱ्या प्रोग्रामरचा नाही. आगाऊ नोंदणीचे पैसे आणि सणासुदीची तारीख पाहून ‘आता विकाच’ म्हणणाऱ्या व्यवस्थापनाचा तो आहे. त्याची किंमत सटाण्याच्या किंवा सिन्नरच्या मुलाला दुप्पट पडते. दिवसाला दीड जीबी डेटा मिळणाऱ्याला 15 जीबीची दुरुस्ती उतरवायला दहा दिवस लागतात.

परताव्याचे नियमही विक्रेत्याच्या सोयीचे आहेत. ‘स्टीम’ या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल, तरच पैसे हमखास परत मिळतात. विसाव्या तासाला सापडलेल्या दोषाचे काय? पुढे कंपनीने सर्व्हरच बंद केला, तर विकत घेतलेला गेमही जातो. युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ हा गेम 31 मार्च 2024 रोजी असाच बंद केला. त्यातून गेम असे बंद करण्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मोहिमेला युरोपात दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या.

आपल्या हातातही कायदा आहे. गेम हा माल की सेवा, असा वाद कंपन्या घालतील; पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालातील दोष आणि सेवेतील त्रुटी या दोन्हींवर दाद मागता येते. सदोष माल परत घेण्यास आणि पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर परताव्याची मुदत नसेल, तर ती 30 दिवसांची धरली जाते. ग्राहक राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तरीही गेमसाठी आयोगाचे दार ठोठावावे, हे कोणाच्या मनातच येत नाही, कारण ‘पोरांचा खेळ’ म्हणून घरातही ही तक्रार उडवून लावली जाते.

केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली, ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. राज्यानेही त्याच वर्षी ॲनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी धोरण मंजूर केले. हे स्वागतार्ह आहे. मात्र सरकारी सवलत घेणाऱ्या कंपनीकडून तीन गोष्टींची लेखी हमी घेतली पाहिजे: ज्या फोनवर किंवा कन्सोलवर गेम चालेल असे जाहीर केले, त्यांवर तो चालेल, गंभीर दोष असल्यास किती तास खेळले हे न मोजता पैसे परत मिळतील, आणि विक्रीच्या वेळीच सर्व्हर किमान किती वर्षे चालू राहील हे छापले जाईल.

ग्राहकांनीही आपली ताकद ओळखावी. आगाऊ नोंदणी करू नका, गेम आल्यावर दोन आठवडे थांबा, बिघाडाचे व्हिडिओ आणि पावती जपून ठेवा, आणि फसवणूक झाली तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार नोंदवा. पूर्ण किंमत घेणाऱ्याने पूर्ण माल द्यायलाच हवा.