रिकाम्या परतणाऱ्या ट्रॉलीचं गणित

सदर : घरखर्च

जुन्नरहून निघालेली विटांची ट्रॉली आपटाळे, चावंड मागे टाकून घाटघरला पोचली की तिला पुढे घाट उतरायला रस्ताच उरत नाही. जीवधन किल्ल्याच्या पलीकडे नाणेघाट, आणि तिथून कोकणात वैशाखऱ्याकडे उतरते ती पायवाट. म्हणजे विटा, क्रश, सिमेंट उतरवून झालं की ट्रॅक्टरला आल्या वाटेनेच तीसेक किलोमीटर मागे फिरायचं असतं. घाटघरात जुनं घर हटवून नवं बांधणाऱ्याची पहिली बचत या परतीच्या खेपेत आहे. पाडकामाचा राडारोडा न्यायला वेगळी गाडी मागवली, तर जाण्या-येण्याचं डिझेल दोन्ही अंगांनी आपल्याच माथी. सामान आणणाऱ्याशीच परतीचं आधी बोलून ठेवलं, तर भाव करायला जागा राहते.

भाव करताना मात्र ‘एक ट्रॉली’ एवढ्यावर थांबू नये. भराईचे मजूर कोणाचे, गाडी खोळंबली तर किती, माल उतरवायचा कुठे, हे सगळं गाडी दारात येण्याआधी ठरवावं. आणि माप ब्रासमध्ये बोलावं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि नऊ इंच जाड भिंत उभी असते तेव्हा ७५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास भरते. तीच फोडली की तुकड्यांमधल्या पोकळ्यांमुळे ढीग फुगतो आणि ब्रासाच्या आसपास जातो. अंदाज उभ्या भिंतीवरून बांधणारा घरधनी म्हणूनच हमखास एका खेपेने चुकतो.

परदेशात याच कामाला ‘स्किप’ नावाचा लोखंडी पेटारा भाड्याने मिळतो. लंडनमधल्या मराठी कुटुंबाने स्वयंपाकघर नवं करायला काढलं की तो दारासमोर येऊन पडतो. रस्त्यावर ठेवायचा तर कौन्सिलचा परवाना हवा, माल काठाच्या वर जाता कामा नये, ॲस्बेस्टॉस आत टाकायचा नाही. त्या देशात कचरा जमिनीत पुरण्यावर १९९६ पासून कर आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याचा सर्वसाधारण दर टनाला १२६.१५ पौंड झाला, तर निव्वळ दगड-विटांसारख्या निरुपद्रवी मालाचा दर ४.०५ पौंड. विटांच्या ढिगात जुनी गादी नि प्लास्टिक मिसळलं, की त्या दरांनी कर तीसपट होण्याची वेळ यायची.

आपल्याकडे असा कर नाही, पण मिसळण्याची किंमत आहेच. २०१६ साली केंद्राने बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम केले. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन राडारोडा करणाऱ्याने काँक्रीट, माती, विटा-चुना आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग करावेत, असं त्यात होतं. घाटघरातलं एखादं छोटं घर या आकड्यांपर्यंत कदाचित जाणारही नाही. तरी चार ढिगांची ही रीत त्याच्याच फायद्याची.

खरं तर ती या डोंगरात जुनीच. जुनं घर इथे पाडत नसत, उतरवत. कौलं एकेक करून खाली यायची, वासे-तुळया सरळ बघून बाजूला लागायच्या, कारवीच्या कुडाचा चुलीला उपयोग व्हायचा, भिंतीची माती शेतात जायची आणि जोत्याचे दगड नव्या जोत्यात बसायचे. गाडीत भरायला उरायचंच काय?

आता घर सिमेंटचं आहे आणि पाडायला यंत्र येतं. तासाभरात भिंत आडवी होते, पण सळई, चौकटी, कौलं, वायर सगळं एकाच ढिगात चिरडतं. ज्याचे भंगारवाल्याने पैसे दिले असते, तेच वाहून न्यायचे पैसे मग आपण मोजतो. घरकुलाचं अनुदान नवं बांधायला असतं. पाडकामाचा खर्च खिशातून. यंत्र बोलावण्याआधी दोन माणसांनी दोन दिवस हाताने काम केलं, तर दारं-खिडक्या नि कौलं शाबूत निघतात आणि त्यांची मजुरी त्यातून सुटू शकते. सिमेंटचे जुने पत्रे तेवढे फोडू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ते ओले करून अख्खेच उतरवावेत आणि वेगळे ठेवावेत.

सगळ्यांत स्वस्त वाटणारा उपाय म्हणजे ढीग जवळच्या ओढ्यात लोटणं. पण कुकडीचा उगम याच डोंगरांत, कुकडेश्वराच्या परिसरात मानतात, आणि हे पाणी पुढे माणिकडोह धरणात साठतं. ओढा तुंबला की पहिल्या मोठ्या पावसात खालच्या खाचराचा बांध फुटतो. त्यापेक्षा ग्रामपंचायतीने एक जागा नेमून द्यावी आणि साफ विटा-दगड तिथे फुकट घ्यावेत. वाड्या-वस्त्यांच्या रस्त्यांवरचे खड्डे भरायला भर लागतेच, आणि ती विकत आणायची तर पुन्हा जुन्नरहूनच ट्रॉली येणार.

हे ठरवायचं ते जानेवारीच्या ग्रामसभेत. मे महिन्यात प्रत्येक जण पावसाआधी काम उरकायच्या घाईत असतो, ट्रॅक्टरवाला सांगेल तो दर द्यावा लागतो. आणि जूनमध्ये घाटमाथ्यावरचा पाऊस धरला की ट्रॉलीचं चाक अंगणातल्या चिखलातूनच निघत नाही.