उपास कुणासाठी?

श्रावण पाळणारे आणि एकादशी धरणारे आपल्या महाविद्यालयात पुष्कळ आहेत. रमजानचे रोजे ठेवून परीक्षेला बसणारे मित्रही आहेत. पण ख्रिस्ती समाजातही चाळीस दिवसांचा एक उपवासकाळ असतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून तो सुरू होतो आणि पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत चालतो. मधले सहा रविवार सोडून दिवस मोजले, तर बरोबर चाळीस भरतात. वसईकडच्या आमच्या अनेक घरांत या दिवसांत मांसमच्छी बंद होते, लग्ने होत नाहीत आणि शुक्रवारी क्रुसाची वाट चालली जाते. हे सारे बाहेरून दिसते. मला लिहायचे आहे ते या काळात चर्चमध्ये जे वाचले जाते त्याविषयी, कारण पथ्यापेक्षा ती वाचने पाळणे फार अवघड आहे, असे माझे मत आहे.

पहिल्याच दिवशी गंमत होते. राख लावून घेण्यासाठी आम्ही रांगेत उभे असतो आणि त्याच मिस्सेत मत्तयाच्या शुभवर्तमानातला जो उतारा वाचतात, त्यात येशू सांगतो की उपास करताना चेहरा सुतकी करू नका, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. कपाळावर खूण आणि कानात खूण मिरवू नका म्हणून ताकीद! ही विसंगती नाही, हा इशाराच आहे, असे मला वाटते. व्रताला मिरवण्याची कीड लागते, हे सांगणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

दोनच दिवसांनी, शुक्रवारी, यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय येतो. लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास केले, तू पाहिलेसुद्धा नाहीस. उत्तर मिळते ते झोंबणारे आहे. उपासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना पिळता आणि भांडता, मग हा उपास कसला? अन्यायाच्या गाठी सोडा, जू मोडा, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या, हाच मला आवडणारा उपास, असा त्या उत्तराचा आशय आहे.

हे वाचन ऐकताना मला साने गुरुजी आठवतात. मे १९४७ मध्ये पंढरपूरला त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले, ते स्वतःला पुण्य मिळावे म्हणून नव्हते. विठ्ठलाच्या मंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा, एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य झाली तेव्हाच त्यांनी अन्न घेतले. यशयाला अभिप्रेत असलेल्या उपासाचे याहून स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात मला दिसत नाही, आणि ते घालून देणारा माणूस ख्रिस्ती नव्हता, हे आम्ही ख्रिस्ती लोकांनी ध्यानात ठेवावे.

या काळातले मला सर्वांत जवळचे वाचन मात्र शोमरोनी स्त्रीचे आहे. दर तीन वर्षांच्या फेऱ्यात उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी ते येते. भर दुपारी येशू थकून विहिरीवर बसला आहे. एक शोमरोनी बाई घागर घेऊन येते आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांना हलके समजत, त्यांच्या भांड्यांचा विटाळ मानत. म्हणून तीच आश्चर्याने विचारते, की तुम्ही यहुदी असून माझ्याकडे पाणी कसे मागता?

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला या गोष्टीवर टीप लागत नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यांना मार खावा लागला आणि मागाहून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. मी त्या वर्षाचे पंचांग मांडून पाहिले. तो दिवस रविवार होता आणि उपवासकाळातला तिसरा रविवार होता! योगायोगाला मी दैवी अर्थ चिकटवीत नाही. पण त्या रविवारी देशभर ख्रिस्ती लोक उपवासकाळ पाळत होते आणि महाडात माणसे पाण्यासाठी डोकी फोडून घेत होती, हा विचार मनातून जात नाही.

त्या गोष्टीत आणखी एक बारकावा आहे. येशूजवळ पोहरा नाही. म्हणजे प्यायचे ते तिच्याच भांड्यातून. वरचा मानला गेलेला माणूस इथे देत नाही, मागतो. आम्ही उपवासकाळात दानपेटीत पैसे टाकतो, ते चांगलेच आहे. पण देणाऱ्याचा हात नेहमी वरच राहतो. दान करून भेद टिकवता येतो, एका भांड्यातून पाणी पिऊन मात्र तो टिकवता येत नाही.

मग आमच्या घरात काय आहे? धर्म बदलला तरी जात उंबऱ्याशी थांबली नाही. सोयरीक जुळवताना ती आजही चौकशीत येते. दक्षिणेत तर काही गावी ख्रिस्ती दफनभूमीतही भिंत घातलेली आहे. २०१६ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित ख्रिस्ती बांधवांविषयी धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चमध्ये जातिभेद आहे हे उघडपणे मान्य केले. मान्य केले हे उत्तम झाले. पण महाडचा ठरावही कागदावर उत्तमच होता.

काही जण म्हणतील, उपास ही मनाची शिस्त आहे, तिच्यात समाजकारण कशाला? शिस्तीला माझा विरोध नाही. पण ती कुठे न्यायची, हे वाचनेच सांगत आहेत. व्हॅटिकन परिषदेपूर्वी, म्हणजे १९६२ च्या आधी, मिस्सेतली वाचने लॅटिनमध्ये होत. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत आणले, पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले मराठी बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, तरी वेदीवरची भाषा सामान्य माणसाला परकीच राहिली. तेव्हाच्या शेतकऱ्याला यशयाचे शब्द कळले नाहीत, तर त्याला दोष कोण देईल? आज ती वाचने शुद्ध मराठीत, ध्वनिक्षेपकावरून आमच्या कानी पडतात. न कळल्याची सबब आता उरलेली नाही.

उधळ्या पुत्राची कथाही याच दिवसांत येते. तीत थोरला भाऊ सर्व नियम पाळणारा, पण धाकट्याशेजारी जेवायला बसायला तयार नाही. बाप त्याची विनवणी करीत अंगणात उभा आहे. तो आत गेला की नाही, हे कथेत सांगितलेले नाही. ते पान प्रत्येक समाजासाठी कोरे ठेवले आहे, आणि उपास कोणत्याही धर्माचा असो, ते भरल्याशिवाय तो पुरा होत नाही.