‘जनक कोण?’ हा प्रश्नच चुकीचा आहे

सामान्य ज्ञान म्हणून आपल्याकडे गाइडांतून, व्हॉट्सअ‍ॅपवरून आणि ईद-ए-मिलादच्या प्रश्नमंजुषांतून जे वाटलं जातं, ती बहुतेक वेळा नुसती नावांची यादी असते. शून्याचा जनक कोण? तबल्याचा जनक कोण? पहिली मुस्लिम शिक्षिका कोण? मूल उभं राहतं, नाव सांगतं, टाळ्या पडतात आणि ट्रॉफी घरी जाते. ते नाव कुठून आलं, हे ना विचारणाऱ्याला ठाऊक असतं, ना उत्तर देणाऱ्याला. माझा आक्षेप थोडा पुढचा आहे. ही सवय आपल्या समाजाचं सरळसरळ नुकसान करते आहे.

तबल्यापासूनच सुरुवात करू. ठरलेलं उत्तर म्हणजे अमीर खुसरो, आणि सतारीलाही तेच. खुसरो १२५३ ते १३२५ या काळातले. ते फारसीचे थोर कवी होते आणि संगीतातल्या आपल्या जाणकारीचा त्यांना अभिमान होता. त्यांनी संगीतावर लिहिलंही आहे. पण त्या लिखाणात ना सतार आहे, ना तबला. ही दोन्ही वाद्यं ठळकपणे दिसू लागतात ती अठराव्या शतकातल्या दिल्लीत, म्हणजे खुसरो गेल्यानंतर चारशे वर्षांनी. सतारीच्या बाबतीत अभ्यासक त्या काळातल्या खुसरो खान नावाच्या एका कलावंताकडे बोट दाखवतात. नावाच्या सारखेपणातून हा घोळ झाला असावा. खुसरोंना या दोन वाद्यांची गरज नाही. त्यांची शायरी पुरेशी आहे.

आता याच तबल्याबद्दल दुसरा प्रश्न विचारून बघा : तबल्यातून सूर का निघतो? ढोल, ताशा वाजतात तेव्हा दणका मिळतो, पण त्यांच्याबरोबर गळा लावता येत नाही. ताणलेल्या साध्या गोल चामड्याची कंपनं एकमेकांच्या पूर्णांक पटींत नसतात, म्हणून आपल्या कानाला त्यात नेमका स्वर सापडत नाही. तबल्याच्या मधोमध जो काळा गोल असतो, ती शाई, तिथेच सगळी करामत आहे. लोहकीस आणि खळ यांचं मिश्रण थरावर थर देत, दगडाने घोटत तिथे बसवलं जातं. त्या वजनाने चामड्याची कंपनं बदलतात आणि जवळपास दुप्पट, तिप्पट, चौपट अशा हिशोबात येतात. तारेच्या वाद्यात जे आपोआप घडतं, ते इथे हाताने घडवलेलं आहे. हे शास्त्रीय पद्धतीने दाखवून दिलं सी. व्ही. रामन यांनी. १९२० साली ‘नेचर’मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासोबत यावर टिपण छापलं आणि १९३४ साली भारतीय तालवाद्यांवर सविस्तर निबंध लिहिला. आपल्या मुलांना रामन यांचं नोबेल १९३० चं, विज्ञान दिन २८ फेब्रुवारीचा, एवढं पाठ असतं. रामन तबल्याजवळ कान लावून बसले होते, हे कोणत्याच गाइडात नाही. आणि शाई बसवणारा कारागीर तर कोणत्याच पर्यायात नाही, ना ‘अ’, ना ‘ड’.

सतारीचंही तसंच. खुसरोंच्या नावावर टाळ्या वाजवणारे आपण मिरजेला विसरतो. तिथल्या शिकलगारांचा धंदा हत्यारांना धार लावण्याचा. तलवारींचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणायचे, ते सुकवायचे आणि त्यांतून तंबोरा उभा करायचा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. याच मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींची मोजमापं घेत होते, तेव्हा खाँसाहेब त्यांच्यासाठी गायले. एक ब्राह्मण अधिकारी आणि एक मुसलमान गवई मिळून स्वर मोजताहेत, एवढं सगळं ‘जनक कोण’च्या एका ओळीत मावेल कसं?

शून्यावरून तर दोन्ही बाजूंनी भांडण आहे. आपल्याकडचा फॉरवर्ड म्हणतो, शून्य मुसलमानांनी दिलं. समोरचा म्हणतो, अरबांनी चोरलं. शून्याशी आकडेमोड कशी करायची याचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली लिहून ठेवले. त्यानंतर दोनेकशे वर्षांनी बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने या अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला. मूळ अरबी प्रत हरवली, लॅटिन भाषांतर उरलं. त्यात सुरुवातीलाच ही पद्धत हिंदी लोकांची असल्याचं म्हटलेलं आहे. चोर मालकाचं नाव लिहून ठेवतो का? आणि ज्याने स्वतः हिंदचं ऋण मान्य केलं, त्याच्या नावावर आपण शून्य खपवतो, हा त्याचाही अपमानच. त्याचं स्वतःचं काम लहान नव्हतं. ‘अल्जिब्रा’ हा शब्द त्याच्या दुसऱ्या ग्रंथाच्या नावातून आला आणि ‘अल्गोरिदम’ त्याच्या स्वतःच्या नावातून.

नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि इस्लाम कबूल केला, ही गोष्ट मी वेगवेगळ्या तीन जिल्ह्यांतल्या जलशांत ऐकली आहे. चंद्रावर हवा नाही, म्हणून आवाज नाही. हे सातवीतलं पोरगंही सांगेल. १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला आपल्या वकिलातींना कळवावं लागलं की आर्मस्ट्राँग यांनी धर्म बदललेला नाही. यावर जास्त काय बोलायचं!

मला अशा स्पर्धांना अधूनमधून परीक्षक म्हणून बोलावतात आणि तिथे हमखास एक सवाल होतो : “जनाब, २०२३ मध्ये बारावीच्या इतिहासातून मोगल दरबाराचं प्रकरण काढलं. आपली नावं एकेक करून पुसताहेत. अशा वेळी तुम्ही आपलीच नावं का खोडताय?” सवाल रास्त आहे. पुसलं जातंय, हे खरंच. म्हणून तर म्हणतो, कच्च्या विटा लावू नका. समोरच्याने एक वीट सहज काढून दाखवली की तो भिंत खोटी म्हणायला मोकळा होतो.

फातिमा शेख यांच्या बाबतीत हेच घडलं. काही वर्षांपासून ९ जानेवारीला त्यांची जयंती साजरी होऊ लागली, २०२२ मध्ये गूगलने डूडलही केलं. ‘भारतातील पहिली मुस्लिम शिक्षिका’ हे उत्तर गाइडांत पक्कं झालं. त्या तारखेला समकालीन कागदाचा आधार कोणता, हे एकाही आयोजकाने मला आजवर दाखवलेलं नाही. आणि ‘पहिली’ म्हणायचं तर त्याआधी देशात कुठेही दुसरी कोणी नव्हती, हे दाखवावं लागतं. ते कोण दाखवणार? जानेवारी २०२५ मध्ये एका नामवंत पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केलं की ही बाई आपणच रचली. खळबळ उडाली. आपली कितीतरी मंडळी उत्तरादाखल डूडलचंच चित्र पाठवत बसली.

उत्तर सावित्रीबाईंच्या पत्रात होतं. १० ऑक्टोबर १८५६ चं ते पत्र. आजारपणामुळे त्या नायगावला माहेरी होत्या आणि तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलं. पत्राचा बराचसा भाग भावाशी झालेल्या वादाचा आहे. महार-मांगांसाठी तुम्ही नवरा-बायको जे करता ते कुळाला शोभत नाही, असं भावाचं म्हणणं. त्यातच काळजीचं एक वाक्य फातिमेबद्दल येतं : तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही. त्यात जन्मतारीख नाही, ‘पहिली’ हा शब्द नाही. आहे ती मागे राहून काम ओढणारी एक सहकारी, आणि तिच्या स्वभावाची खात्री असलेली मैत्रीण.

हे पत्र मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मया’त आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते १९८८ मध्ये काढलं. जिल्ह्याच्या वाचनालयात मागून बघा. त्याची एक पानी झेरॉक्स मुलांच्या हातात द्या आणि विचारा : बाई नायगावला का गेल्या होत्या? भाऊ का चिडला होता? फातिमेवर पुण्यात त्या आठवड्यात कोणतं काम पडलं असेल?