जनुकाआधी बी-12 तपासा

दोनदा गर्भपात झाला, तरुण वयात पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली किंवा होमोसिस्टीन वाढलेले निघाले, की हल्ली तपासण्यांच्या यादीत 'एमटीएचएफआर' हे नाव येते. अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावात रक्ताचा नमुना द्यायचा आणि मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेतून रिपोर्ट येण्याची वाट पाहायची, हेही आता नवे राहिलेले नाही. रिपोर्टवर 'म्यूटेशन' हा शब्द दिसला की घरात धास्ती पसरते. सुनेच्या माहेरी काही दोष आहे का, इथपर्यंत चर्चा जाते. ही धास्ती बहुतेक वेळा अनाठायी असते. खानदेशात या जनुकाकडे वळण्याआधी बी-12 जीवनसत्त्व तपासायला हवे. ती तपासणी स्वस्त आहे आणि तिच्यात उणीव निघाली तर उपाय हाताशी आहे.

एमटीएचएफआर हे एका एन्झाइमचे आणि ते बनवणाऱ्या जनुकाचे नाव आहे. हे एन्झाइम फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाला त्याचे शेवटचे, शरीराच्या कामाचे रूप देते. त्या रूपातले फोलेट स्वतःजवळचा मिथाइल गट बी-12 कडे सोपवते, बी-12 तो होमोसिस्टीन या अमिनो आम्लाला देते आणि त्याचे मेथिओनिन होते. मेथिओनिनपासून पुढे जे रसायन बनते, ते डीएनएपासून मज्जातंतूंच्या आवरणापर्यंत ठिकठिकाणी मिथाइल गट पोहोचवते. यालाच मिथायलेशन म्हणतात. मॅकगिल विद्यापीठातील रीमा रोझेन यांच्या गटाने 1995 मध्ये या जनुकातला 677 क्रमांकाचा बदल शोधला. आई आणि वडील दोघांकडूनही हा बदल आला असेल तर एन्झाइमची ताकद साधारण 30 टक्क्यांवर येते, एकाकडूनच आला असेल तर 65 टक्के उरते. आकडे ऐकायला भीतिदायक वाटतात. पण अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या माहितीनुसार, फॉलिक ॲसिड, म्हणजे कृत्रिम फोलेट, सारखेच घेणाऱ्यांमध्ये दुहेरी बदल असलेल्यांच्या रक्तातले फोलेट इतरांपेक्षा सुमारे 16 टक्केच कमी भरते. शिवाय हा दुहेरी बदल मेक्सिको किंवा इटलीत जितका आढळतो, त्या मानाने भारतात फारच थोड्यांत सापडतो. आपल्याकडच्या रिपोर्टवर जास्त दिसतो तो 1298 क्रमांकाचा बदल आणि तो एकटा असेल तर होमोसिस्टीन फारसे वाढत नाही.

मग आपल्याकडे होमोसिस्टीन इतके का वाढते? याचे उत्तर पुण्यात बरेच आधी मिळाले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या 441 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी 67 टक्क्यांमध्ये बी-12 कमी होते आणि 58 टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन वाढलेले होते. सर्वांत वाईट अवस्था मध्यमवर्गाची होती, त्यात बी-12 कमी असणारे 81 टक्के निघाले. म्हणजे हा प्रश्न निव्वळ गरिबीचा नाही. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात 60 टक्क्यांहून अधिक जणींमध्ये बी-12 कमी होते, तर फोलेटची उणीव अवघ्या एकीत सापडली. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासली गेली. ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर आणि बी-12 कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक होते. हा निष्कर्ष 2008 मध्ये छापला गेला. मुलांच्या मधुमेहाचा धोका आईच्या पोटातच ठरू लागतो, असा संकेत त्यातून मिळतो. माझ्या मते महाराष्ट्राच्या आरोग्य धोरणात या एका निष्कर्षाला अजून त्याची जागा मिळालेली नाही.

अभ्यास पुण्याचे असले तरी खानदेशी ताट समोर ठेवले की बी-12 कमी पडण्याचे कारण लगेच कळते. उडीद घातलेली कळण्याची भाकरी, डाळ, फुणके-कढी, मेथी, अंबाडी, शेवभाजी. डाळी आणि पालेभाज्यांमुळे फोलेट मिळते, शिजवताना त्यातले काही जाते तरी बऱ्यापैकी उरते. बी-12 मात्र वनस्पतीत तयार होत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच येते. या ताटात त्याचा एकमेव आधार कढीतले ताक, तेही पातळ केलेले. जळगावच्या केळीत ते नाही, वांग्याच्या भरितातही नाही. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी-12 लागते आणि 100 मिलिलिटर दुधात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम असते. त्यासाठी रोज निदान अर्धा लिटर दूध किंवा तितके दही पोटात जायला हवे. चहातल्या दुधावर ते भागत नाही. घरातले दूध आधी डेअरीला, मग मुलांना आणि पुरुषांना, अशी वाटणी असेल तर बाईच्या वाट्याला काय उरते, याचा हिशेब सांगायला नको.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: म्हणजे माळकरी घरांनी मांसाहार करायचा का? मुळीच नाही. संत सखाराम महाराजांच्या अमळनेरात तसे कोणी सुचवूही नये आणि त्याची गरजही नाही. औषधातले बी-12 सूक्ष्मजीवांपासून तयार होते, त्यासाठी प्राणी मारावा लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जनुक कळले तर उपचार नेमका होईल, मग तपासायला काय हरकत? हरकत इतकीच, की रिपोर्ट काहीही आला तरी उपचार जवळपास तोच राहतो. अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकशास्त्राच्या तज्ज्ञ संस्थेने 2013 मध्येच सांगितले, की रक्ताच्या गाठी किंवा वारंवार होणारे गर्भपात यांचे कारण शोधताना ही तपासणी करू नये. बाळाच्या मणक्याच्या जन्मजात दोषांबाबतही, पुण्याच्या संशोधकांनी 2011 मध्ये भारतीय मातांवर जो अभ्यास मांडला, त्यात 677 च्या बदलाशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो बी-12 पेशींपर्यंत वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाशी. तिसरा मुद्दा मिथाइलफोलेटच्या, म्हणजे फोलेटच्या त्या तयार रूपाच्या, महागड्या गोळ्यांचा. हा बदल असलेल्यांना साधे फॉलिक ॲसिड चालत नाही, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. मणक्याचे दोष टाळण्याचा भक्कम पुरावा साध्या फॉलिक ॲसिडचाच आहे. 1991 च्या ब्रिटिश चाचणीत त्याने दोष पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले होते. म्हणून गरोदरपणातली फॉलिक ॲसिडची गोळी कोणीही बंद करू नये.

त्या गोळीत बी-12 जोडावे, ही माझी मागणी आहे. आशाताई गरोदर बाईला जी गोळी देतात, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. शाळेतल्या मुलींना आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीतही हेच दोन घटक असतात. ज्या प्रदेशात फोलेट पुरेसे आणि बी-12 तुटपुंजे आहे, तिथे आपण फोलेटच वाढवत आहोत. फॉलिक ॲसिड रक्ताचे चित्र सुधारते, पण बी-12 अभावी मज्जातंतूंची झीज आतल्या आत चालूच राहते. याच पुण्याजवळच्या गावांत 2012 पासून किशोरवयीन मुलामुलींना रोज फक्त 2 मायक्रोग्रॅम बी-12 देण्याची चाचणी झाली. त्यातल्या बी-12 मिळालेल्या मुली पुढे आई झाल्या, तेव्हा त्यांच्या बाळांची आकलन आणि भाषेची वाढ अधिक चांगली आढळली. इतक्या छोट्या मात्रेचा खर्च सरकारला जड जाऊ नये.

तोवर ज्यांच्या हातात 'म्यूटेशन'चा रिपोर्ट आहे, त्यांनी डॉक्टरांकडे बी-12 आणि होमोसिस्टीन या दोन तपासण्यांचा आग्रह धरावा. पायाला मुंग्या येत असतील, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल, तर हे आधी सांगावे, कारण दोन्ही गोळ्यांनी बी-12 कमी होऊ शकते. 677 चा दुहेरी बदल खरोखर असलेल्यांनी रोजच्या जेवणात दही-दूध वाढवावे. या एन्झाइमला बी-2 जीवनसत्त्वाची साथ लागते आणि तेही दुधातून मिळते.