उत्तरेचं ऊन

मेलबर्नमध्ये घर विकायला काढलं की जाहिरातीत एक गोष्ट ठळक छापतात : बैठकीची खोली उत्तरेला उघडते. शनिवारी घरं बघत हिंडणारी आपली मंडळी दारात उभी राहून मोबाइलवरचं होकायंत्र काढतात. दलाल खूश होतो, त्याला वाटतं गिऱ्हाईक उन्हाची दिशा बघतंय. गिऱ्हाईक वास्तुशास्त्र बघत असतं.

दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो हे शाळेच्या भूगोलात सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पण ते अंगात मुरायला वेळ लागतो. इथे उत्तरेला तोंड करून उभं राहिलं की सूर्य उजवीकडे उगवतो आणि डावीकडे मावळतो. पुण्या-मुंबईत वर्षातून दोनदा तो अगदी डोक्यावर येतो आणि भरदुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. मेलबर्नमध्ये असं कधीच होत नाही. 21 जूनला भरदुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम 29 अंश वर असतो आणि हिवाळाभर घराच्या दक्षिण भिंतीला ऊन शिवत नाही. तिथे शेवाळ धरतं. म्हणून सोलर पॅनेल उत्तरेच्या उतारावर, कपडे वाळत घालायची दोरी उत्तरेला, टोमॅटोची रोपंही उत्तरेलाच.

वास्तुसल्ला देणाऱ्यांत मला इथे दोन तट भेटले आहेत. गोलार्ध बदलला तरी दिशांचे देव बदलत नाहीत, असं एक म्हणतो. सूर्यच बाजू बदलतो तर नियमही उलटे केले पाहिजेत, असं दुसरा म्हणतो. फी दोघंही घेतात. गंमत अशी की घराचं दार दक्षिणेला असलं की मागचं अंगण आपोआप उत्तरेला येतं, आणि इथल्या लोकांचं निम्मं आयुष्य मागच्या अंगणात जातं. त्यामुळे आपण ‘दक्षिणमुखी’ म्हणून नाकारलेली घरं इथली मंडळी आनंदाने घेतात आणि थंडीत काचेच्या दारामागे ऊन खात बसतात.

संक्रांतीला तर हे सगळं आणखी उलटं होतं. उत्तरायण लागलं की दिवस तिळातिळाने वाढतो, हे आपलं आजीकडून आलेलं ज्ञान. मेलबर्नचा सर्वांत मोठा दिवस, पावणेपंधरा तासांचा, डिसेंबरच्या 21-22 तारखेला असतो. संक्रांत येईपर्यंत तो आखडायला लागलेला असतो. अंगात ऊब राहावी म्हणून तीळ, गूळ आणि काळं लुगडं. इथे जानेवारीत पारा चाळिशीला टेकलेला, गूळ हाताला चिकटणारा, आणि हळदीकुंकवाला काळ्या साड्या नेसून आलेल्या बायका एसीच्या झोताखाली जागा शोधणाऱ्या. तरी एकीनेही काळी साडी सोडलेली नाही. मीही नाही.

त्या उन्हाळ्यात इथे एक शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो : चेंज. “चेंज कधी येतोय?” असं ऑफिसच्या लिफ्टमध्ये अनोळखी माणूसही विचारतो. दोन-तीन दिवस उत्तरेकडून, खंडाच्या आतल्या वाळवंटांवरून, वारा येत राहतो. कोरडा, अंगावर धावून येणारा. मग नैर्ऋत्येकडून समुद्राचा थंड वारा घुसतो. झाडांची पानं एका क्षणात दुसऱ्या बाजूला वळतात आणि अर्ध्या-पाऊण तासात पारा पंधरा-वीस अंश खाली येतो. लोक दारं-खिडक्या सताड उघडतात. आपल्याकडे वळवाच्या पहिल्या थेंबाला जे वाटतं ते इथे या वाऱ्याला वाटतं, फक्त मातीचा वास नसतो.

पण हाच वारा रानात माणसं मारतो. 7 फेब्रुवारी 2009 ला मेलबर्नमध्ये 46.4 अंश तापमान नोंदलं गेलं. वणवे उत्तरेच्या वाऱ्याने दक्षिणेकडे लांबच लांब पट्ट्यांत धावत होते. संध्याकाळी चेंज आला, वारा वळला, आणि त्या पट्ट्याची अख्खी लांबलचक बाजूच आगीचं तोंड झाली. किंगलेक, मेरिसव्हिल ही गावं होरपळली. 173 माणसं गेली. त्या दिवसाला इथे ‘ब्लॅक सॅटर्डे’ म्हणतात. शहराला सुटकेचा निःश्वास टाकायला लावणारा वारा डोंगरातल्या माणसाला कसा वाटत असेल, हे कळल्यापासून मी चेंजची वाट बघते ती जरा दबकून. 2020 च्या जानेवारीत, ऐन संक्रांतीच्या आठवड्यात, पूर्वेकडच्या वणव्यांचा धूर शहरावर बसला होता. सूर्य तांबडा, वास जळक्या लाकडाचा. ऑस्ट्रेलियन ओपनचे पात्रता सामनेही त्या धुरामुळे उशिरा सुरू करावे लागले.

पावसाचंही तसंच. पाऊस म्हणजे चांगली बातमी, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. 21 नोव्हेंबर 2016 च्या संध्याकाळी मेलबर्नवर वादळी पाऊस आला आणि काही तासांत हजारो लोक श्वास लागून दवाखान्यांकडे धावले. दहा जणांचा मृत्यू झाला. पश्चिमेकडच्या कुरणांत रायग्रास नावाचं गवत आहे, गुरांसाठी युरोपातून आणलेलं. त्याचे परागकण वादळाच्या हवेत वर खेचले जातात, ओलाव्याने फुटतात आणि त्यांचे बारीक कण वाऱ्याच्या झोताबरोबर खाली येऊन थेट फुप्फुसात शिरतात. ज्यांना आयुष्यात कधी दमा नव्हता असेही लोक त्यात होते. तेव्हापासून वसंतात अशा वादळी दम्याच्या धोक्याचा अंदाज दिला जातो आणि आम्ही ढग बघण्याआधी तो बघतो. पावसात भिजायला धावणाऱ्या मुलांना आत बोलावणं हे मला अजूनही जड जातं. पण बोलावते.

मी शहराच्या पश्चिमेला राहते. या बाजूला आपली माणसं दाटीने आहेत, कारण जमीन सपाट आणि घरं त्यातल्या त्यात स्वस्त. देखणी म्हणून ही बाजू कुणी सांगत नाही. झाडं कमी, वारा फार, आभाळ मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं. इथे पायाखाली काय आहे ते कळलं तेव्हा या सपाट माळाबद्दल मला आपलेपणा वाटू लागला. तो काळा पाषाण आहे. पश्चिम व्हिक्टोरियाची ही मैदानं लाव्हाच्या थरांनी झालेली आहेत, जगातल्या मोठ्या ज्वालामुखी मैदानांपैकी एक. सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा त्या मानाने कालचा, काही ठिकाणी तर हजारांत मोजावा इतका ताजा. वर तीच काळी, चिकट माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. विदर्भातला शेतकरी या मातीत कापूस लावील. इथे तिच्यावर घरं बांधतात आणि मग भिंतींना तडे गेले म्हणून इंजिनिअर बोलावतात. मेलबर्नचे जुने बोळ आणि तुरुंग याच दगडाचे आहेत. त्याला इथे ब्लूस्टोन म्हणतात. पावसात भिजला की तो आपल्या वाड्याच्या जोत्यासारखा दिसतो.

आपल्या गावचा आणखी एक रहिवासी इथे आहे, आणि त्याच्याबद्दल बोलताना मला ओशाळं व्हायला होतं. साळुंकी. भाजीच्या मळ्यांतले किडे खावेत म्हणून 1860 च्या दशकात तिला मुद्दाम मेलबर्नमध्ये आणून सोडलं. आता तिला ‘इंडियन मैना’ म्हणतात आणि लोक पिंजरे लावून पकडतात, कारण इथल्या पोपटांच्या ढोल्या ती बळकावते. तिच्याच रंगाची पिवळी चोच आणि डोळ्यामागे पिवळा डाग असलेला एक अस्सल इथला पक्षी आहे, नॉइझी माइनर. तोही तितकाच भांडखोर. पण त्याच्याकडे जन्माचा दाखला असल्याने त्याला कायद्याचं संरक्षण आहे. शेजारच्या बाई साळुंकीला शिव्या देतात तेव्हा मी गप्प असते. पक्षिशास्त्राच्या दृष्टीने त्यांचं बरोबरच आहे. उलट मॅगपाय हा काळापांढरा पक्षी वसंतात घरट्याजवळून जाणाऱ्याच्या टाळक्यावर झेप घेतो, सायकलवाले हेल्मेटवर प्लास्टिकचे काटे उभे करून फिरतात, आणि तरीही सगळा देश त्याच्यावर प्रेम करतो. त्याचा सकाळचा गळा ऐकला की का ते कळतं.

रात्रीचं आभाळ हा माझा खरा विषय, तो शेवटी ठेवला कारण त्यावर मी थांबत नाही. चंद्रावरचा ससा इथे उलटा असतो. शुद्ध अष्टमीचा चंद्र तिकडे उजवीकडून उजळलेला, इथे डावीकडून. उन्हाळ्यात संकष्टीचा चंद्रोदय रात्री अकराच्या आसपास, कधी त्याही पुढे, त्यामुळे उपवास करणाऱ्यांची खरी परीक्षा. डिसेंबर-जानेवारीत मृग उत्तरेच्या आभाळात पाय वर करून पडलेला दिसतो आणि त्याला मारणारा व्याध त्याच्याही वर चढून बसलेला. इथल्या मुलांना त्या पोटातल्या बाणात कढई दिसते. माझ्या मुलीलाही आधी कढईच दिसली.

लग्नात गुरुजी वधूवरांना ध्रुव आणि अरुंधती दाखवतात. दिवसा लागलेल्या लग्नात हॉलच्या छताकडे बघून नमस्कार करायची आपल्याला सवय आहेच. पण मेलबर्नमध्ये ध्रुव उत्तर क्षितिजाच्या 38 अंश खाली आहे आणि वसिष्ठ-अरुंधती इथून कधीच उगवत नाहीत. खरं बोट दाखवायचं तर सतरंजीकडे दाखवावं लागेल. एका गुरुजींना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “ताई, संकल्प महत्त्वाचा,” आणि अक्षता वाटायला लागले.

मग या आभाळात आहे काय? त्रिशंकू आहे, वर्षभर न मावळणारा, इथल्या झेंड्यावरसुद्धा. परदेशी गेलेल्या मराठी माणसाने स्वतःला त्रिशंकू म्हणून घेणं इतकं झालं आहे की मी त्याच्या वाटेला जात नाही. त्याच्या शेजारी आकाशगंगेत एक काळा डाग आहे. या भूमीच्या मूळ रहिवाशांनी त्याला एमूचं डोकं मानलं आणि पुढच्या काळ्या पट्ट्यात त्याची मान आणि अंग पाहिलं. आपण ताऱ्यांना जोडून आकृत्या करतो, त्यांनी अंधारातही आकृती पाहिली.

मेलबर्नच्या वायव्येला टायरेल नावाचं खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे. तिथल्या बूराँग लोकांचं ताऱ्यांचं ज्ञान विल्यम स्टॅनब्रिज या जमीनदाराने ऐकून लिहून घेतलं आणि 1857 मध्ये मेलबर्नमध्ये वाचून दाखवलं. ते वाचताना मला पंचांगातल्या पावसाच्या नक्षत्रांचं पान आठवलं, त्यात प्रत्येक नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस ते दिलेलं असतं. आपली स्वाती त्यांची मार्पीनकुर्क. दुष्काळात तिने लाकडातल्या मुंग्यांच्या अळ्या शोधल्या आणि माणसं जगवली. संध्याकाळी ती उत्तरेला दिसली की त्या अळ्यांचा हंगाम सुरू. आपली अभिजित त्यांची नीलोअन, मातीचा ढीग करून त्यात अंडी घालणाऱ्या पक्ष्याची मादी. सूर्याबरोबर ती मावळू लागली की अंडी गोळा करायला निघायचं. आपल्याकडे मृग निघाला की पेरणी, तसाच हा व्यवहार. युरोपातून आलेल्यांनी मात्र इथे आपले चार ऋतू आणून ठेवले आणि 1 सप्टेंबरला वसंत जाहीर केला, पिवळी वॉटल त्याआधीच फुलून गेलेली असली तरी. आमचं मंडळही काही वेगळं करत नाही. पानगळीत गुढी उभारतं आणि वसंताच्या शुभेच्छा पाठवतं.

माझा आवडता तारा अगस्ती. आपल्याकडे तो दक्षिणेला खाली, थोडका वेळ दिसणारा. पावसाळा सरताना तो पहाटे उगवला की गढूळ पाणी निवळतं असं जुने लोक मानत. मेलबर्नमध्ये तो मावळतच नाही. अगदी खाली गेला तरी क्षितिजाला अर्धा अंश राखून असतो. विंध्याला “मी येईपर्यंत असाच वाकून राहा” असं सांगून अगस्ती दक्षिणेला गेला आणि परतलाच नाही, ही गोष्ट इथे सांगितली की मोठी माणसं जरा जास्तच हसतात. बूराँगांचा हाच तारा म्हणजे ‘वार’ नावाचा कावळा, ज्याने माणसांना पहिल्यांदा अग्नी आणून दिला. आपल्याकडे समुद्र पिणारा, इथे आग आणणारा. फेब्रुवारीच्या रात्री, वणव्यांच्या ऐन दिवसांत, तो आमच्या जवळपास डोक्यावर असतो.

तुम्हालाही तो बघता येईल. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास व्याधापासून सरळ दक्षिणेकडे खाली या. क्षितिजापासून साधारण अठरा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींच्या उंचीवर, एक ठळक पांढरा तारा दिसेल. व्याध सोडला तर रात्रीच्या आभाळात त्याच्याहून तेजस्वी दुसरा तारा नाही. मुंबईत दक्षिणेला टॉवर असेल तर आशा सोडा. अकोले इथे प्रवरेच्या काठी अगस्तीचा आश्रम आहे आणि पुढे भंडारदऱ्याकडे आभाळ अजून काळं आहे. तिकडे जा, आणि तिथे पोचल्यावर गाडीचे दिवे बंद ठेवायला ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा.