उतार की वळण?

आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या जंगलवाटेवर, भामरागडच्या अलीकडे हेमलकसा हे गाव आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी तेथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला, त्या वेळी हा प्रदेश चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या रुग्णसेवेमुळे हेमलकसा हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. तेथील माडिया गोंडांचे गाणे मात्र त्या प्रमाणात बाहेर पोहोचले नाही. ‘रेला’ म्हणजे बहावा. त्याच्या नावाचे ध्रुवपद पुन्हा पुन्हा आळवीत, एकमेकांत हात गुंफून माडिया स्त्री-पुरुष गातात आणि नाचतात. एका बाजूने ओळ उचलावी, दुसरीने ती झेलावी, अशी ही रीत. या गाण्यात श्रोता म्हणून बाजूला बसलेले कोणी सहसा नसते. कुणाचा आवाज थकला तर शेजारच्याचा आवाज त्याला सावरून घेतो. त्यामुळे अमुक गायक आता पूर्वीचा राहिला नाही, हा प्रश्नच तेथे फारसा उद्भवत नाही.

हा प्रश्न उद्भवतो तो गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये व्यासपीठ उभे राहिल्यानंतर. तिकीट काढून बसलेला रसिक मनात एक जुनी मैफल घेऊन येतो आणि समोरच्या गाण्याला त्या मैफलीच्या मापाने मोजू लागतो. माप कमी भरले की मध्यंतरात चहाच्या कपाबरोबर निकालही लागतो : ‘गळा गेला’, ‘आता राम राहिला नाही’, ‘बुवा संपले’. त्यातही कलावंताने आपली वाट बदलली असेल, तर चाहत्यांचे सरळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, जुने जमेनासे झाले म्हणून हे नवे काढले. दुसरा म्हणतो, नवे सुचले म्हणून जुने सोडले. महाराष्ट्रात हा वाद ज्यांच्यावरून सर्वांत अधिक रंगला असेल, असे गायक म्हणजे पंडित कुमार गंधर्व.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ हे त्यांचे मूळ नाव. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे त्यांचा जन्म झाला. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाणारा हा मुलगा पाहता पाहता देशभर गाजला. ‘कुमार गंधर्व’ ही पदवीही त्या बालवयातलीच. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. देवधर हे विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. परंतु अनेक घराण्यांच्या चिजा आणि विचार त्यांनी मोकळ्या मनाने गोळा केले होते. अशा गुरूपाशी तयार झालेल्या विशीतल्या तरुणाकडून रसिकांनी काय अपेक्षा धरल्या असतील, याची कल्पना सहज करता येते.

१९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि लगोलग क्षयरोगाने कुमारांना गाठले. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या आरंभी हे दांपत्य माळव्यातील देवासला राहावयास गेले. गाण्याचा प्रयत्नही जिवावर बेतेल, असे वैद्यकीय मत होते. त्यानंतरची काही वर्षे अंथरुणावर आणि मौनात गेली. भानुमतीबाईंची शुश्रूषा आणि स्ट्रेप्टोमायसिन हे त्या काळी नवे असलेले औषध, यांमुळे प्राण वाचले. एक फुप्फुस मात्र कायमचे निकामी झाले. ज्याचे भांडवलच श्वास, त्याचा निम्मा श्वास गेला.

या सक्तीच्या मौनात कानांना काम उरले होते. देवासच्या परिसरात बायका सणासमारंभाची, लग्नकार्याची, ऋतूंची गाणी गात. फिरते गायक निर्गुणी भजने गात जात. अंथरुणावरचा गवई ते ऐकत राहिला. चार-पाच स्वरांत मावणाऱ्या त्या धुनांत रागाचे बीज असते, ही गोष्ट त्यांना तेथे उमगली. बरे झाल्यावर त्यांनी माळव्याच्या लोकधुनांचा पद्धतशीर संग्रह केला. त्यांतल्या काही धुनांमधून नवे राग उभे केले आणि त्यांना ‘धुनउगम’ राग असे म्हटले. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, मधसुरजा ही त्यांतली काही नावे. ज्या गाण्यात ऐकणारा आणि गाणारा वेगळे नसतात, अशा गाण्यापासून एका मैफलीच्या गवयाने आपली पुढची वाट घेतली, ही या कहाणीतली विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. हेमलकशाच्या जंगलात काय आणि माळव्याच्या पठारावर काय, अशा गाण्यावर मालकी कुणा एकट्याची नसते.

१९५३ च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत बसले आणि वादाला तोंड फुटले. नापसंतीची बाजू हलकी नव्हती. विलंबित ख्यालात एकेक स्वर उलगडत जाणारी सलग बढत त्यांच्या गाण्यात दिसत नाही. स्वरवाक्ये आखूड आहेत. मध्येच एखादी तान विजेसारखी येते आणि थांबते. शिवाय घराणे कोणते म्हणावे, तेही कळत नाही, असे जाणकारांचे आक्षेप होते. त्या काळात घराणे हा गाण्याचा जणू दाखलाच मानला जाई. व्यवसायाने सनदी लेखापाल असलेल्या वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक १९६१ मध्ये आले, यावरून तो विषय किती जिव्हाळ्याचा होता हे दिसते. तुलनेला समकालीनही समोर होते. कुमारांहून दोन वर्षांनी मोठे असलेले भीमसेन जोशी किराणा घराण्याच्या भरदार, लांब पल्ल्याच्या स्वरांनी सभागृह भारून टाकीत होते. अशा वेळी अनेकांना वाटे, या माणसाचा दम तुटतो. त्या तुटण्यालाच शैली म्हणावयाचे काय?

चाहत्यांची बाजूही तितकीच ठाम होती. त्यांच्या मते हा विराम दमाचा नसून अर्थाचा होता. बंदिश ही केवळ तानांसाठीची खुंटी नव्हे; तिच्या शब्दांत एक प्रसंग, एक प्रहर, एक मनःस्थिती असते आणि कुमार तीच गातात, असे ते म्हणत. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा रसिकाग्रणी या बाजूला होता.

दोन्ही बाजूंचे म्हणणे ताडून पाहताना एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. क्षमतेचा उतार आणि दिशेतील वळण या दोन भिन्न बाबी आहेत. वादात मात्र त्या एकाच खतावणीत मांडल्या जातात. कुमारांच्या बाबतीत क्षमता घटली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. एक फुप्फुस गेले हे सत्य होते. परंतु असमर्थता असेल तर ती सगळीकडे सारखीच दिसते. दम पुरत नाही म्हणून थांबणारा गायक प्रत्येक रागात एकाच अंतरावर थांबेल. कुमारांच्या ध्वनिमुद्रिका लक्षपूर्वक ऐकल्यास विरामाची जागा बंदिशीगणिक बदललेली आढळते. कबीराच्या निर्गुणी भजनातली शांतता निराळी आणि वर्षागीतातली उत्कंठा निराळी. श्वासाची मर्यादा नशिबाने आली. त्या मर्यादेत कोठे थांबावयाचे, हा निर्णय गायकाचा होता.

दुसरी कसोटी नव्या कामाची. पुनरागमनापासून १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे झालेल्या निधनापर्यंत जवळजवळ ३९ वर्षे जातात. त्या काळात त्यांनी नवे राग आणि बंदिशी रचल्या. त्यांचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ १९६५ मध्ये मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केला. ऋतूंवरील ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’, सूर, कबीर आणि मीरा यांची ‘त्रिवेणी’, तुकोबांच्या अभंगांचे ‘तुकाराम दर्शन’, भा. रा. तांबे यांच्या कवितांची ‘तांबे गीतरजनी’ असे कार्यक्रम त्यांनी सिद्ध केले. गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने ‘गांधी मल्हार’ बांधला. १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. सन्मानांनी वाद मिटत नाहीत, हे खरे. तथापि ज्या दिवशी अनेकांनी ‘संपला’ असे म्हणून खाते बंद केले, त्या दिवसानंतरच या खात्यावरील बहुतेक जमा झालेली आहे, हेही तितकेच खरे.

याचा अर्थ प्रत्येक वळण म्हणजे प्रगती आणि प्रत्येक आक्षेप म्हणजे अरसिकता, असा मात्र नव्हे. ज्याला विलंबित ख्यालाची संथ, भव्य बढत प्रिय आहे, त्याने ती भीमसेनांकडे शोधावी आणि कुमारांकडे ती मिळाली नाही असे खुशाल म्हणावे. ती त्याची आवड झाली. आवड निवाडा म्हणून सांगितली जाते, तेव्हाच अन्याय घडतो.

नेमकी उलट बाजू बालगंधर्वांच्या आयुष्यात दिसते. बोलपट आला आणि संगीत नाटकाचा प्रेक्षक तिकडे वळू लागला. १९३५ मध्ये बालगंधर्वांनीही प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात एकनाथांची पुरुषभूमिका केली. ते वळण मानवले नाही. ते रंगभूमीवर परतले आणि वय उतरू लागले तरी स्त्रीभूमिका करीत राहिले. तेव्हाही चाहत्यांत फूट पडली. आता पुरे करावे, असे काहींना कळवळून वाटे. काही जण डोळे मिटून केवळ स्वरांसाठी येत. तेथे उतार खरा होता आणि तो मान्य करण्यात बालगंधर्वांचा अवमान नव्हता. गंमत अशी की, पुढे कुमारांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला आणि मूळ गाण्यावर जीव टाकणाऱ्यांना तोही खटकला. ज्या मुलाने बालपणी थोरांची हुबेहूब नक्कल करून वाहवा मिळवली होती, त्याने प्रौढपणी नक्कल नाकारली. नावातला ‘मला उमजलेले’ हा शब्दप्रयोगच त्याचे उत्तर होते.

किशोरी आमोणकर यांनाही हा जाच चुकला नाही. मोगूबाई कुर्डीकरांसारख्या आईकडून जयपूर-अत्रौली घराण्याची काटेकोर तालीम घेतलेल्या या गायिकेने आलापाला अधिक अवकाश दिला, तेव्हा घराणे सोडल्याचा ठपका आला. तिकडे अमेरिकेत १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेवरची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतून हुर्यो झाली. त्याच डिलनला २०१६ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. देश आणि भाषा कोणतीही असो, चाहत्याचे दुखणे एकच दिसते.

ते दुखणे समजून घेण्यासारखे आहे. विशीत ऐकलेले गाणे हे केवळ गाणे नसते. त्याला आपल्या तारुण्याचा, तेव्हाच्या मित्रांचा, खिशातल्या मोजक्या पैशांतून काढलेल्या तिकिटाचा वास असतो. गायक बदलला की तो सगळा काळ हातातून निसटल्यासारखा वाटतो. ‘तो पूर्वीसारखा गात नाही’ या तक्रारीच्या पोटात ‘मी आता विशीचा नाही’ ही हळहळ दडलेली असते. गायकाचा हिशेब करताना श्रोता स्वतःचीच वजाबाकी त्याच्या नावे टाकतो.

व्यापारी घरांना हा प्रश्न गाण्यापुरता राहत नाही. तीन पिढ्या कापडाच्या पेढीवर बसलेल्या घरातला नातू दुसऱ्याच मालात हात घालतो, तेव्हा पेढी बुडाली अशी कुजबुज नात्यागोत्यात सुरू होते. सत्तरी ओलांडलेले बाबूजी बेरजेला वेळ लावतात, म्हणून त्यांच्याकडची चावी हळूच काढून घेतली जाते. गिऱ्हाईक पारखण्याची त्यांची नजर अधिक धारदार झाली आहे, हे कुणी तपासत नाही. पहिल्या ठिकाणी वळणाला उतार म्हटले जाते. दुसऱ्या ठिकाणी एका बाबतीतला उतार सगळ्याच बाबतींत धरला जातो. दोन्ही निवाड्यांची किंमत घर मोजते. नातू घराबाहेर पाठबळ शोधतो आणि बाबूजी दुकानात यायचे थांबवतात.

म्हणून ‘संपला’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी तीन साध्या गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. शरीराचे काय कमी झाले? माणसाने आपण होऊन काय बदलले? आणि ऐकणाऱ्याची कोणती सवय मोडली? पहिल्याचे उत्तर सहानुभूतीने द्यावे, दुसऱ्याचे लक्षपूर्वक ऐकून द्यावे आणि तिसऱ्याचे ज्याने त्याने आपल्यापाशी ठेवावे. देवासच्या त्या अंथरुणावरील वर्षांत कुमार गंधर्वांनी मुंबईतल्या निवाड्यांवर विश्वास ठेवला असता, तर जगाकडे एका विलक्षण मुलाच्या नकलांची आठवण तेवढी उरली असती.