मोड आहे का, मोड?

परवा आई पाचशेची नोट घेऊन कोथिंबीर आणायला गेली आणि हात हलवत परत आली. कोथिंबीर होती, मोड नव्हती. "सगळे फोननेच देतात हो काकू, गल्ल्यात काही उरतच नाही," असं भाजीवाली म्हणाली म्हणे.

'मोड' हा शब्द मला फार आवडतो. आपण नोट मोडतो. पाटल्या मोडाव्या लागतात, एफडी मोडावी लागते, तशीच नोटही. आणि न मोडलेला तो बंदा रुपया! आजी शंभराची नोट मोडायला तयार नसायची. एकदा मोडली की संपलीच म्हणायची. १९५७ साली आणे गेले तरी तिच्या हिशोबात चार आणे, आठ आणे होतेच. २५ पैशांचं नाणं २०११च्या जूनअखेर बंद झालं, तोवर आपणही त्याला चार आणेच म्हणत होतो की.

तेव्हाही मोडीवरून भांडणं व्हायची. एसटीत कंडक्टर उरलेले पैसे तिकिटामागे लिहून द्यायचा आणि उतरेपर्यंत आपला जीव त्या तिकिटात. दुकानदार रुपयाऐवजी गोळ्या हातावर ठेवायचा. (आम्हा पोरांची तक्रार नव्हती!)

पण मोड कुणा एकाची नसते, ती फिरती असते. शेजारणीने दिलेली दहाची नोट माझ्या आईला परत मिळते, म्हणून पाचशे मोडतात. २०१६च्या नोव्हेंबरात हातात दोन हजारांची नवी कोरी नोट आणि ती मोडून द्यायला कुणी नाही, हे आपण सगळ्यांनी भोगलं. आता आपण फोन दाखवून सुटलो. एटीएममधून अनेकदा पाचशेच्याच नोटा निघतात आणि ज्यांना फोनचं जमत नाही, ते एकटेच अडकतात. आणि वर आपणच म्हणतो, "आई, शिकून घे ना!" मीही म्हटलंय. दहा रुपयांच्या चहालाही मी फोनच काढतो.

असो. सध्या मी एका डब्यात दहा-वीसच्या नोटा साठवतोय आणि भाजीवालीला रोखच देतो. चिरंजीव हसतात. काल आईने डब्यातून पाचशेची मोड घेतली आणि तिची नोट आत ठेवली. आता ती मोडायची जबाबदारी माझी.